वाचकांचे प्रश्न : हे पन्नास टक्के भरतं कोण?

या महिन्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय आहे : अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांनी आपल्या मालावर लावलेलं शुल्क. भोसरीच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी एकतीस वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं केली, २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्या टेबलावरून जे दिसायचं त्याच्या आधाराने उत्तरं देते आहे. मजकूर सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातला आहे; त्यातले दर, नियम आणि तारखा तेव्हाच्या आहेत.

ताई, माझे मिस्टर भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहेत. गणपतीपासून ओव्हरटाइम बंद आहे आणि आता आठवड्याला दोन दिवस सुट्टी देतात. मालक म्हणतात, ट्रम्पमुळे. पण टॅक्स अमेरिकेने लावला, तो अमेरिकेतल्या माणसाने भरायचा. मग आमचा पगार का कापला? मालक खोटं बोलतात का?
– एक वाचक, दिघी

तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. कायद्याने हे शुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार. माल तिकडच्या बंदरात उतरला की तिथल्या कस्टम्सकडे पैसे तो भरतो. पण पुण्याच्या हद्दीवर जकात नाके होते तेव्हाचं आठवा. नाक्यावर पैसे ट्रकवाला मोजायचा, म्हणून जकात त्याच्या खिशातून जायची का? ती दुकानातल्या वस्तूच्या किमतीत चढायची, नाहीतर दुकानदार कारखानदाराला म्हणायचा, रेट कमी करा. इथेही तेच चाललं आहे, फक्त नाका समुद्रापलीकडे आहे.

समजा, तुमच्या मिस्टरांच्या मशीनवर होणारा पंपाचा एखादा भाग १०० डॉलरला जातो. ७ ऑगस्टपासून त्यावर २५ टक्के लागले. मग भारत रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता. आपण मूर्ती घरी आणत होतो तेव्हा १०० चा भाग तिकडे १५० चा झाला. आता आयातदार फोन करतो तो तुमच्या मालकांना नाही, मालक ज्यांचं जॉबवर्क करतात त्या मोठ्या कंपनीला. कंपनी थोडं सोसते आणि उरलेलं जॉबवर्कच्या रेटमधून काढते. जॉबवर्कवाल्याने कमी करायचं काय? लोखंडाचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचं बिल नाही, मशीनचा हप्ता नाही. हातात राहते ती शिफ्ट.

त्यामुळे मालक खरं बोलत असू शकतात, पण एक गोष्ट मिस्टरांना विचारायला सांगा : आपला माल शेवटी कुठल्या पार्टीला जातो? पंप, व्हॉल्व्ह, यंत्रांचे भाग अमेरिकेला जात असतील तर ५० टक्के. कारचे सुटे भाग असतील तर ते वेगळ्या कायद्याखाली येतात, त्यांवर ३ मेपासून २५ टक्के आहेत, आणि ते एकट्या भारतावर नाहीत. आणि माल इथल्याच गाड्यांच्या कंपन्यांना जात असेल, तर त्यावर अमेरिकेचं शुल्क मुळीच नाही. मग सुट्टीचं कारण दुसरं आहे आणि ते कामगारांना सांगितलं पाहिजे. हा प्रश्न चार-सहा जणांनी मिळून, शांतपणे विचारावा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

जून २०१९ मध्ये, ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, अमेरिकेने भारताची जीएसपी सवलत, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला शुल्कात मिळणारी सूट, काढून घेतली. आमच्या काही भागांवर शून्याचे दोन-तीन टक्के झाले. त्या दोन-तीन टक्क्यांसाठी आम्ही पंधरा दिवस रेट जुळवत होतो. ओहायोच्या पार्टीशी रात्री दीड-दीड वाजेपर्यंत बोलणं चालायचं. शेवटी निम्मं त्यांनी, निम्मं आम्ही असं ठरलं, आणि ते झेपलं. पन्नास टक्क्यांचं निम्मं म्हणजे पंचवीस. एवढा नफा भोसरीत मी कुणाच्याही पत्रकात पाहिलेला नाही.

पण मला पन्नासपेक्षाही जास्त त्रास होतो तो आकडा सारखा बदलण्याचा. २ एप्रिलला २६ टक्के जाहीर झाले. ९ एप्रिलला नव्वद दिवसांची स्थगिती आली आणि १० टक्के राहिले. ऑगस्टमध्ये २५, मग ५०. एक्स्पोर्टची ऑर्डर म्हणजे तीन-चार महिन्यांचा शब्द असतो. साचा, कास्टिंग, मशिनिंग, पॅकिंग, बोट. रेट देताना एक शुल्क, ओतकाम होताना दुसरं, माल निघताना तिसरं, मग इनव्हॉइसवर लिहायचं काय? २७ ऑगस्टच्या वाढीत एक सवलत होती : त्याआधी बोटीत चढलेला माल १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत दाखल झाला तर वाढीव शुल्क नाही. तीन आठवडे. न्हावा शेव्याहून न्यूयॉर्कला बोट पोचायला महिना तरी लागतो. ऑगस्टच्या शेवटी चढलेल्या आपल्या कंटेनरला त्या सवलतीचा काडीचाही उपयोग नव्हता. हा नियम लिहिताना कुणीतरी बोटीचं वेळापत्रक उघडून बघायला हवं होतं.

ट्रम्प स्वतःच्या देशातल्या कामगारांसाठी लढत आहेत. आपणही परदेशी गाड्यांवर शंभर टक्क्यांपर्यंत शुल्क लावत आलो. मग आपण ओरडायचं कशाला?
– एक निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ

सर, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. १८९२ साली आपल्याच डेक्कन कॉलेजमध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थकारणावर व्याख्यान दिलं. बाल्यावस्थेतल्या उद्योगाला सरकारने हात द्यावा, खुल्या व्यापाराचं तत्त्व सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू पडत नाही, हे त्यांनी मांडलं. अमेरिकाही तशीच मोठी झाली. तिचे पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये कारखानदारीला संरक्षण द्यावं असा अहवाल दिला होता. आजही अमेरिकेतल्या वाहन कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष शॉन फेन यांनी गाड्यांवरच्या शुल्काला पाठिंबा दिला. ज्यांच्या गावातला कारखाना मेक्सिकोला गेला त्यांना असं वाटणं मी समजू शकते. पिंपरीत बंद पडलेल्या कारखान्यांची फाटकं मीही पाहिली आहेत.

पण आपल्यावरच्या पन्नासपैकी दुसरे पंचवीस कुठल्या कामगारासाठी आहेत? ते रशियाच्या तेलासाठी आहेत. चीन आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेतो, त्याच्यावर त्या कारणासाठी शुल्क नाही. संरक्षण एखाद्या उद्योगाला असतं. हा दंड आहे, आणि तो एकाच विद्यार्थ्याला केला आहे.

दुसरं असं. ज्या १९३० साली आपली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, त्याच साली अमेरिकेत स्मूट-हॉले हा जबर शुल्कांचा कायदा झाला. हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूवर यांना सही करू नका म्हणून विनवलं होतं. सही झाली, कॅनडासह इतर देशांनी उलट शुल्कं लावली, आधीच मंदीत असलेला व्यापार आणखी आटला. तरी तो कायदा अमेरिकेच्या संसदेत वर्षभर चर्चा होऊन झाला होता. यंदाची देशोदेशींची शुल्कं अध्यक्षांच्या सहीने आली.

अमेरिकेतले लोक हे सगळं मुकाट्याने बघतात का? तिथली जनता काही बोलत नाही का?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

बोलते. ५ एप्रिलला देशभर मोर्चे निघाले. १४ जूनला, ट्रम्प यांच्या वाढदिवशी वॉशिंग्टनमध्ये लष्करी संचलन होतं, त्याच दिवशी शेकडो गावांत लोक ‘आम्हाला राजा नको’ अशा फलकांसह रस्त्यावर आले. सरकारी नोकऱ्यांत कपात सुरू झाली तेव्हा रिपब्लिकन खासदारांना त्यांच्याच मतदारांनी सभांमध्ये उभं करून जाब विचारला. चीनने अमेरिकेचं सोयाबीन घेणं थांबवलं, तर तिकडचा शेतकरी हंगाम तोंडावर असताना आपल्या लातूरच्या शेतकऱ्यासारखाच भावाच्या काळजीत आहे. शेजारच्या कॅनडात तर ओंटारियोच्या सरकारी दुकानांनी मार्चमध्ये अमेरिकन दारू फळीवरून उतरवली.

पण हेही लक्षात घे की ट्रम्प यांना २०२४ मध्ये अध्यक्ष ठरवणाऱ्या इलेक्टोरल मतांपैकी ३१२, म्हणजे स्पष्ट बहुमत, मिळालं. शुल्क लावणार हे ते प्रचारात रोज सांगत होते. त्यांचे मतदार फसलेले नाहीत, त्यांना हेच हवं होतं असं मानणारेही पुष्कळ आहेत.

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटली ती कोर्टातली लढाई. न्यूयॉर्कचा एक छोटा वाइन आयातदार आणि त्याच्यासारखे आणखी चार लहान व्यावसायिक सरकारविरुद्ध उभे राहिले. मुद्दा साधा : अमेरिकेच्या राज्यघटनेत कर लावण्याचा अधिकार संसदेचा आहे. अध्यक्षांनी १९७७ च्या आणीबाणीसंबंधी कायद्याचा आधार घेतला, आणि त्या कायद्यात ‘टॅरिफ’ हा शब्दच नाही. व्यापार न्यायालयाने २८ मे रोजी आणि अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला, सात विरुद्ध चार मतांनी, त्यांच्या बाजूने कौल दिला. शुल्क मात्र तूर्त चालू आहे. सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुनावणी आहे. अध्यक्षाविरुद्ध दुकानदार कागद घेऊन उभा राहतो आणि कागद वाचला जातो, हे तू नीट बघ.

आणि जे झालं त्यातलं मला सर्वांत लागलेलं सांगते. १ ऑगस्टला रोजगाराचे आकडे कमी आले. त्याच दिवशी ट्रम्प यांनी ती आकडेवारी काढणाऱ्या खात्याच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. मी आयुष्यभर वजन, नग, किंमत लिहिण्याचं काम केलं. वजन साहेबांना आवडलं नाही म्हणून काटा बदलला, तर पुढच्या वेळी काट्यावरचा माणूस काय लिहील?

माझी मुलगी ऑस्टिनला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. घरी आली होती. २० सप्टेंबरला तिच्या कंपनीचा निरोप आला, ताबडतोब परत या. दुप्पट भावाने तिकीट काढून गेली. आता नूतनीकरणाला लाख डॉलर भरावे लागतील का?
– एक आई, सहकारनगर

नाही. शुक्रवारी, १९ तारखेला सही झालेला एक लाख डॉलरचा आकार नव्या अर्जांसाठी आहे, आणि एकदाच भरायचा आहे. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना आणि नूतनीकरणाला तो नाही, हा खुलासा आला. पण तो दुसऱ्या दिवशी. आपल्या रविवारी सकाळी साडेनऊला मुदत संपणार, एवढंच शनिवारी सगळ्यांना कळलं होतं. तुमच्या लेकीने घाई केली यात तिची काही चूक नाही. तिला कंपनीकडून नोकरीचं ताजं पत्र घेऊन जवळ ठेवायला सांगा. आणि तुम्ही तिला घाईत दिलेला डबा तिने विमानात खाल्ला की नाही, हेही विचारा.

आमच्या सोसायटीत अमेरिकन कोल्ड्रिंक बंद करायचा ठराव आहे. तुमचं मत?
– एक वाचक, बिबवेवाडी

पिऊ नका, तब्येतीला बरंच. पण ती बाटली इथेच भरतात, इथलीच माणसं. पुण्यात स्वदेशीचा अर्थ फक्त नाकारणं असा कधीच नव्हता. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले, आणि पुढे एकेक पैसा गोळा करून पैसाफंडाने तळेगावला काचेचा कारखाना उभा केला. सोसायटीला खरंच काही करायचं असेल तर कापसाकडे लक्ष द्या. अमेरिकेच्या शुल्काने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला आधार म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं. ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत आहे. विदर्भातला कापूस त्याच दिवसांत बाजारात येतो, आणि त्याला या स्वस्त आयातीशी झुंजावं लागतं. अमेरिकेच्या शुल्काचं ओझं यवतमाळच्या शेतकऱ्याच्या खांद्यावर आलं आहे, आणि त्याबद्दल पुण्यात मला एकही फलक दिसला नाही. तुमच्या खासदारांना त्याबद्दल पत्र लिहा.

दोन्ही मुलं न्यू जर्सीत. दरवर्षी पोस्टाने फराळ पाठवते. यंदा पोस्टात पार्सल घेत नाहीत म्हणाले. काय करू?
– एक आजी, नारायण पेठ

आजी, पोस्टातल्या माणसाने बरोबर सांगितलं. पूर्वी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत विनाशुल्क जायचं. ती सवलत २९ ऑगस्टपासून बंद झाली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हेच ठरलेलं नसल्याने आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवली आहेत. खासगी कुरिअर चालू आहे, जरा महाग पडेल.

पण कुरिअरने पाठवताना एक वाट अजून उघडी आहे : माणसाने माणसाला पाठवलेली भेट १०० डॉलरपर्यंत, म्हणजे साधारण पावणेनऊ हजार रुपयांपर्यंत, शुल्काशिवाय जाते. ही मर्यादा एका माणसाला एका दिवसाची आहे, म्हणून दोन्ही मुलांचे डबे वेगवेगळे करा, वेगवेगळ्या नावांवर. दोघांचं मिळून एक खोकं नको. कागदावर ‘भेट’ असं लिहायला सांगा आणि किंमत खरी लिहा. नुसतं ‘फराळ’ लिहू नका; चकली, बेसन लाडू, शंकरपाळे असं एकेक, वजनासकट, आणि प्रत्येकात काय घातलंय तेही. साडी किंवा चांदीचं काही त्यात घालू नका, लगेच मर्यादा ओलांडेल. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे, तेव्हा दसरा झाला की लगेच भाजणीला लागा. अनारसे मात्र प्रवासात मोडतात. त्यांचं पीठच पाठवा, सुनेला फोनवर सांगा.