उंची वाढवायला नडगीची शस्त्रक्रिया केली, पाच महिने झाले तरी वॉकर सुटत नाही. काय करू?

पाच महिन्यांत वॉकर सुटला नाही म्हणजे काही बिघडलंच, असं नाही. या शस्त्रक्रियेत हाड कापतात आणि त्याचे दोन तुकडे रोज साधारण 1 मिलिमीटर लांब सरकवतात, तेही चार टप्प्यांत. सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांची ही रीत. या हिशेबाने 5 सेंटिमीटर दोनेक महिन्यांत मिळतात, पण त्या फटीतलं नवं हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त वेळ जातो. जाहिरातीत पहिला आकडा मोठा, दुसरा गुलदस्त्यात.

मी नाशकात फिजिओथेरपी करते. हाडाइतकाच छळ पोटरीचा असतो. हाड वाढतं, स्नायू मागे राहतो आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. तुमच्या सर्जनची मनाई नसेल तर गुडघा सरळ ठेवा, टॉवेल तळपायाला अडकवून पंजा हळूहळू स्वतःकडे ओढा, दिवसातून बऱ्याचदा. झोपताना गुडघ्याखाली उशी नको, कितीही बरं वाटलं तरी, नाहीतर गुडघा वाकलेलाच आखडतो. सिगारेट, तंबाखू बंद, हाड जुळायला उशीर होतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. पायावर वजन किती टाकायचं हे एक्स-रे बघून सर्जन ठरवतील, गोदापार्कवर फिरायला येणारे काका नव्हे!

हाडात बाहेरून बसवलेल्या पिनांभोवती पू, ताप, पोटरीला एकाएकी सूज किंवा धाप लागली तर लगेच हॉस्पिटल गाठा.

घरच्यांचं 'कुणी सांगितलं होतं?' ऐकून झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सर्जनलाही सांगा, वेदनेच्या गोळ्या त्यांनाच बदलता येतात.