हे दुखणं मला आतून पोखरतंय का?

वर्षानुवर्षं पाठ, मान किंवा सांधे दुखणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाच्या तिसऱ्या-चौथ्या भेटीत आवाज खाली आणून एक प्रश्न विचारतात, "मॅडम, यानं माझं आयुष्य कमी होतंय का?" पहिल्या भेटीत हा प्रश्न येत नाही. ती भेट 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण मी नाटक करत नाहीये' हे पटवण्यात जाते. खरं तर मला पटवायची गरजच नसते. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की मज्जासंस्थाच हळवी होऊ शकते. मग मूळ इजा भरून आली तरी दुखत राहतं, आणि एक्स-रेत काही दिसत नाही.

सुनंदाताईंची (नाव बदललं आहे) पाठ सात वर्षं दुखत होती. "हृदय, किडनी, हाडं, काय काय जाणार ते एकदाच सांगून टाका," त्या म्हणाल्या. मी यादी दिली नाही, घरचा अभ्यास दिला. कोणत्या वर्षी काय सुटलं, तेवढं लिहून आणायचं.

त्यांनी ते जुन्या एक्स-रेच्या पाकिटावर लिहून आणलं. पहिलं वर्ष, सकाळचं फिरणं. दुसरं, जिना. तिसरं, लग्नकार्यं. चौथं, मैत्रिणी. पाचवं, झोप. सहाव्यापुढे नुसतं 'गोळ्या वाढल्या'.

पाकीट त्यांनीच मोठ्यानं वाचलं आणि 'फिरणं'वर बोट ठेवून थांबल्या. बराच वेळ.

"हे दुखण्यानं नाही नेलं. तेव्हा चालता येत होतं. काही झालं तर, म्हणून मीच सोडलं."

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षं लागली.

मग त्यांचा प्रश्न आम्ही त्या पाकिटावरच सोडवला. तीव्र दुखणं सतत असलं की शरीर ताणाखाली राहतं, आणि अशा लोकांत हृदयविकार आणि नैराश्य जास्त आढळतं, हे खरंच आहे. पण बरंचसं नुकसान आडवाटेनं येतं. हालचाल थांबली की स्नायू आणि हाडं कमजोर होतात, वजन, साखर आणि रक्तदाब वाढू लागतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. आणि गोळ्या! डॉक्टरांनी दिलेल्यांवर त्या मनानंच आणखी दोन घेत होत्या. सूज-वेदनेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर जठरात व्रण होतात, रक्तदाब चढतो, किडनीवर ताण येतो. त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला सरळ विचारते, "जगणं नको वाटतं का?" त्या म्हणाल्या, "सकाळी जागच येऊ नये, असं वाटतं." हे घरी सांगायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, तिथेच ठरवलं. असा विचार तुमच्याही मनात येत असेल, तर पुढची अपॉइंटमेंट येईपर्यंत थांबू नका. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन घटणं यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टर. समुपदेशन मागाहून.

बाकी काम कंटाळवाणं होतं. बऱ्या दिवशी घर उपसायचं आणि पुढचे तीन दिवस झोपून काढायचे, ही त्यांची जुनी सवय. बारा मिनिटं चाललं की पाठ भडकायची, म्हणून आम्ही सहा ठरवली. बऱ्या दिवशीही सहाच, वाईट दिवशीही सहाच. "सहानं काय होणार?" म्हणून त्या माझ्यावर चिडल्या. पंधरा दिवसांनी सात केली. शरीर तर्कानं नाही, सवयीनं पटतं, या मतावर मी ठाम आहे.

आठ महिन्यांनी त्या जिना चढून आल्या, दोनदा थांबून. दुखणं विचारलं तर म्हणाल्या, "आहे की." आणि तिसऱ्या पायरीशी भेटलेल्या मैत्रिणीचं सांगत बसल्या.