गाडीच्या कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीला तडा गेलाय. एम-सील लावून चालेल, की नवीनच बसवू? (सोलापूर)

नवीनच बसवा, आणि टोपणही सोबतच बदला. मी होटगी रोडला गॅरेजमध्ये काम करतो. उन्हाळ्यात अशा तडकलेल्या टाक्या सतत येतात. टाकी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिनची असते, त्यावर एम-सील नीट धरत नाही. शिवाय इंजिन तापलं की आत साधारण 1 ते 1.4 बारचा दाब तयार होतो, आणि त्या दाबामुळेच कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. तडा उघडला की दाब गेला, कूलंट उकळलं. मग मे महिन्यातल्या चाळिशीपारच्या उन्हात खर्च हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधल्या सीलपर्यंत) जायला वेळ लागत नाही.

काम अवघड नाही. फक्त इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय टोपणाला हात लावू नका, वाफेनं वाईट भाजतं. जुनं कूलंट डब्यात काढा. ते विषारी आणि चवीला गोड असतं, कुत्री पितात, म्हणून गटारात ओतू नका. टाकी बसवल्यावर हवा काढायलाच हवी: हीटर फुल ठेवून रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, गार झाल्यावर लेव्हल परत बघा. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार रेडिएटरमध्ये साचतात. मॅन्युअलमध्ये दिलेलंच कूलंट घ्या.

अपवाद एकच: दाबाचं टोपण रेडिएटरवर असेल आणि ही नुसती ओव्हरफ्लोची (जादा झालेलं कूलंट साठवणारी) बाटली असेल, तर तिच्यात दाब नसतो. नवीन मिळेपर्यंत रोज लेव्हल बघून गाडी चालवता येईल.