एकाच टॉवरवरील दोन हौशी रिपीटर एकमेकांना व्यत्यय आणत असतील तर काय करावे?

आपल्या प्रश्नानुसार, दोन्ही रिपीटर (हौशी रेडिओचे सिग्नल एका वारंवारतेवर ऐकून दुसऱ्या वारंवारतेवर जोरात पुन्हा पाठवणारी यंत्रे) एकाच वेळी चालू असले की आपल्या रिपीटरवर शेजारच्या क्लबचा आवाज फाटून येतो आणि टोन (ठरावीक बारीक सूर सोबत असला तरच रिसीव्हर उघडणारी सोय) लावूनही तो थांबत नाही. फिल्टर विकत घेण्याआधी दोन सिग्नलांची ही सरमिसळ नेमकी कुठे होते ते शोधावे, असा माझा आग्रह आहे. कारण जागा चुकली तर उत्तमातला उत्तम फिल्टरही वाया जातो.

सुरुवात आकडेमोडीने करावी. समजा, शेजाऱ्याचे प्रक्षेपण 146.640 मेगाहर्ट्झवर आणि आपले 146.940 वर आहे, आणि आपला रिसीव्हर नेहमीप्रमाणे 600 किलोहर्ट्झ खाली, म्हणजे 146.340 वर ऐकतो. दोन जोरदार सिग्नल कुठे मिसळले की नव्या वारंवारता तयार होतात; त्यांतली एक काढायला शेजाऱ्याच्या वारंवारतेची दुप्पट करून त्यातून आपली वजा केली, तर नेमके 146.340 येतात. त्यामुळे दोघे एकदम हवेत आले की आपला रिपीटर या मिश्रणामुळे चालूच राहतो आणि शेजारी थांबेपर्यंत सुटत नाही. मिश्रणात शेजाऱ्याचे डेव्हिएशन (आवाजाबरोबर वारंवारता किती हलते ते माप) दुप्पट झालेले असते, म्हणून त्याचा आवाज फाटतो. आपला रिपीटर स्वतःचा टोन बाहेरही पाठवत असेल, तर तोच टोन मिश्रणासोबत परत येतो. टोनचा उपयोग का झाला नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

आता जागा शोधू. रिसीव्हरच्या तोंडाशी 3 डेसिबलचा अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावून व्यत्ययाची पातळी मोजावी. ती साधारण 3 डेसिबलनेच उतरली, तर मिश्रण बाहेरूनच तयार होऊन येत आहे. सुमारे 9 डेसिबलने उतरली, तर ते आपल्याच रिसीव्हरमध्ये तयार होत आहे. हा दुसरा प्रकार असेल, तर रिसीव्हरपुढे बँडपास कॅव्हिटी (फक्त हव्या वारंवारतेजवळचे सिग्नल जाऊ देणारा धातूच्या डब्याचा फिल्टर) लावून शेजाऱ्याचा जोरदार सिग्नल अडवावा.

मिश्रण बाहेरचे निघाले, तर पहिला संशय शेजाऱ्याच्या ट्रान्समीटरवर घ्यावा. आपला सिग्नल त्याच्या अँटेनातून उलटा आत शिरतो आणि शेवटच्या अॅम्प्लिफायरमध्ये मिसळतो. तिथे आयसोलेटर (सिग्नल अँटेनाकडे जाऊ देणारा, पण उलटा आत येऊ न देणारा भाग) बसवावा आणि आयसोलेटर स्वतः हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारता) निर्माण करत असल्याने त्याच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला, लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) ठेवावा. म्हणजे त्रास आपल्याला होत असला तरी दुरुस्ती त्यांच्या कपाटात करावी लागते, म्हणून दोन्ही क्लबांच्या माणसांनी एकाच दिवशी टॉवरवर जाणे मला फार महत्त्वाचे वाटते.

आयसोलेटरनेही फरक पडला नाही आणि व्यत्यय वाऱ्यापावसाबरोबर कमीजास्त होत असेल, तर टॉवरवरचे गंजलेले बोल्ट, सैल क्लॅम्प आणि एकमेकांवर घासणारे धातूचे तुकडे तपासावेत. गंजलेला सांधा डायोडसारखा वागून मिश्रण तयार करतो. अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यावर तांब्याची जाळी असलेली केबल रिपीटरसाठी वापरू नये. तिच्या दोन थरांतील हलता संपर्क ड्युप्लेक्स कामात, म्हणजे एकाच वेळी ऐकताना आणि पाठवताना, खरखर निर्माण करतो. तिच्या जागी हार्डलाइन (जाळीऐवजी अखंड धातूचे बाह्य आवरण असलेली केबल) टाकावी.

फाटलेला आवाज नसून शेजारी हवेत असताना आपले दुबळे सिग्नल नुसतेच बुडत असतील, तर ती त्याच्या ट्रान्समीटरची रुंद पट्ट्यातली खरखर असू शकते. ती थेट आपल्याच वारंवारतेवर पडत असल्यामुळे आपल्या बाजूचा कोणताही फिल्टर तिला अडवू शकत नाही. कॅव्हिटी त्याच्या ट्रान्समीटरलाच बसवावी लागते.