वाचकांचे प्रश्न : तीन-चार सर्व्हरांचा खासगी क्लाउड

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चार जुने सर्व्हर आहेत, प्रत्येकी १२८ जीबी रॅम. साठ विद्यार्थ्यांना आपापल्या व्हीएम (सर्व्हरच्या आतली आभासी यंत्रे) स्वतः तयार करता याव्यात. खासगी क्लाउडचे सॉफ्टवेअर म्हणून ओपनस्टॅक घ्यावे की प्रॉक्समॉक्स?
– एक प्राध्यापक, सांगली

उत्तर : व्हीएम कोण काढणार, यावर हे ठरते. लॅबमधला एकच माणूस सगळ्यांना व्हीएम काढून देणार असेल तर प्रॉक्समॉक्स पुरे. ते डेबियन लिनक्स आणि त्यातल्या केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या सोयीवर चालते, वेब पॅनेल आयते मिळते. विद्यार्थ्यांनी ठरलेल्या कोट्यात, स्वतःच्या खासगी नेटवर्कसह, कोणालाही न विचारता काम करायचे असेल तर मात्र ओपनस्टॅक. रॅकस्पेस आणि नासा यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मुळात अशाच वापरासाठी आहे. त्यात लॉगिन कीस्टोनकडे, व्हीएम नोव्हाकडे, नेटवर्क न्यूट्रॉनकडे, इमेज ग्लान्सकडे. सेवा वेगवेगळ्या, आणि बिघडतातही वेगवेगळ्या. लॉग वाचणारा कायमचा माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

हिशोब असा. प्रत्येकी ४ जीबी धरून साठ जणांना २४० जीबी लागते. नियंत्रण सेवा तीन सर्व्हरांवर ठेवा, कारण त्यांच्या डेटाबेसला बहुमत लागते, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रती चालू असाव्या लागतात. तिथे प्रत्येकी ३२ जीबी राखून ठेवा. मग एखादा सर्व्हर बंद असतानाही निदान २८८ जीबी हाती राहते. सीपीयू चौपट वाटले तरी लॅबमध्ये चालते. रॅम मात्र आहे त्यापेक्षा जास्त वाटू नका.

उभारणीला ओपनस्टॅक आपोआप बसवणारे कोल्ला-अ‍ॅन्सिबल वापरा. सरावासाठी ८ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क आणि दोन नेटवर्क पोर्ट असलेले एक मशीन पुरते. क्रम ठरलेला आहे : आधी सर्व्हर तयार करणे, मग पूर्वतपासणी, मग उभारणी, शेवटी लॉगिनची फाइल काढणे. पूर्वतपासणीत लाल ओळ दिसली तर पुढे रेटू नका. अडखळायच्या जागा या :

न्यूट्रॉनला दिलेल्या बाहेरच्या पोर्टवर आयपी पत्ता असता कामा नये. ज्या पोर्टवरून तुम्ही एसएसएचने आत आला आहात तोच दिलात, तर तो पुलात (आभासी स्विचमध्ये) ओढला जातो आणि सर्व्हरशी संपर्क तुटतो. आभासी आयपी (नियंत्रण सेवांचा सामाईक पत्ता) सर्व्हरांच्याच सबनेटमधला, पण डीएचसीपी आपोआप वाटते त्या पत्त्यांच्या पट्ट्याबाहेरचा घ्या. हा पत्ता सर्व्हरांमध्ये फिरवणाऱ्या कीपअलाइव्हडीचा आभासी राउटर क्रमांक मुळात ५१ असतो. त्याच नेटवर्कवर दुसरे कोणी कीपअलाइव्हडी त्याच क्रमांकावर चालवत असेल तर दोघांचीही भांडणे लागतात, क्रमांक बदला. उभारणीत तयार होणारी पासवर्डांची फाइल दुसरीकडे जपून ठेवा.

एक तक्रार पुढे हमखास येईल : व्हीएमचे इंटरनेट नीट चालते, पण तिच्यात डॉकरने चालवलेल्या कंटेनरमध्ये (बंदिस्त प्रोग्राममध्ये) डाउनलोड अडकते. व्हीएमची खासगी नेटवर्के वाहून नेणारे व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइट खाते. पॅकेटची कमाल मर्यादा (एमटीयू) बाहेर १५०० बाइट असेल तर आत १४५० उरतात. न्यूट्रॉन हा आकडा व्हीएमला डीएचसीपीतून कळवते, डॉकरचा पूल मात्र १५०० वरच राहतो. लहान पॅकेट जातात, म्हणून पिंग चालते आणि सगळे ठीक वाटते. डॉकरच्या सेटिंगमध्ये एमटीयू १४५० करा, किंवा सर्व स्विच आणि सर्व्हरांवर बाहेरचा आकडा वाढवा.

प्रश्न : तीन सर्व्हर, प्रत्येकात ९६० जीबीच्या चार एसएसडी, प्रॉक्समॉक्सवर सेफ (Ceph) स्टोरेज, म्हणजे डेटाच्या तीन प्रती तीन सर्व्हरांवर. फाइल कॉपी बरी चालते, हिशोबाच्या डेटाबेसची व्हीएम मात्र रखडते. पॅनेलवर (१०२४ च्या हिशोबाने) साडेदहा टीबी दिसतात. खरी जागा किती?
– एक कारखानदार, इचलकरंजी

उत्तर : एसएसडी डेस्कटॉपच्या असाव्यात असा आमचा कयास आहे. सेफमध्ये तिन्ही प्रती डिस्कवर पक्क्या लिहिल्या गेल्यावरच व्हीएमला होकार मिळतो, आणि डेटाबेस प्रत्येक व्यवहाराला हा होकार मागतो. सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेली तरी कॅशमधले लिखाण पुरे करण्यापुरते कपॅसिटर असतात, त्यामुळे ती लगेच होकार देते. डेस्कटॉपच्या एसएसडीला दरवेळी फ्लॅशपर्यंत जावे लागते. एफआयओ या डिस्क-चाचणीच्या प्रोग्रामने ४ केबीचे, एका वेळी एकच, सिंक (पक्का होकार मागणारे) लिखाण मोजून पाहा. साध्या एसएसडीवर सेकंदाला काही शेकडा येतील, कपॅसिटरवालीवर हजारोंनी. ही चाचणी थेट डिस्कवर केली तर तिच्यावरचा डेटा जातो, तेव्हा रिकामी डिस्कच वापरा.

एक गिगाबिटचे नेटवर्क असेल तर तीही अडचण आहे : जेमतेम ११० एमबी प्रतिसेकंद, आणि प्रतीही त्यातूनच जातात. तीनच सर्व्हर असल्याने स्विचवर खर्च करायची गरज नाही. प्रत्येकात दोन पोर्टचे १० गिगाबिट कार्ड घाला आणि तीन केबलींनी एकमेकांना थेट जोडा. सर्व्हर एकमेकांची हजेरी घेतात त्या कोरोसिंकसाठी जुना एक गिगाबिटचा पोर्ट वेगळा राखा. सेफ हरवलेल्या प्रती भरून काढत असताना कोरोसिंकचे संदेश उशिरा पोचले आणि एचए (बंद सर्व्हरच्या व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) चालू असले, तर धडधाकट सर्व्हरही स्वतःला रीबूट करतात. रेड कार्ड (डिस्क एकत्र बांधणारे) असेल तर ते एचबीए, म्हणजे डिस्क जशीच्या तशी दाखवणाऱ्या मोडमध्ये टाका; सेफला डिस्क थेट दिसली पाहिजे. प्रत्येक ओएसडीला (सेफचा दर डिस्कमागचा प्रोग्राम) ४ जीबी, म्हणजे सर्व्हरमागे १६ जीबी रॅम सेफचीच धरा.

आता जागा. साडेदहाला तीनने भागले की साडेतीन उरतात. सेफ ८५ टक्क्यांवर इशारा देते, ९० वर भरपाई थांबवते, ९५ वर लिखाणच बंद करते. पण तुमची खरी मर्यादा याच्याही अलीकडे आहे. तीन सर्व्हर आणि तीन प्रती असल्यावर प्रत्येक सर्व्हरवर सगळ्या डेटाची एक प्रत असते. त्यामुळे एक डिस्क गेली की तिचा डेटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कांवर मावायला हवा. ८५ चा पाऊण भाग काढला तर साधारण ६४ टक्के येतात. म्हणजे वापरायची जागा सुमारे २.२ टीबी. हा आकडा मनाला लागतो खरा, पण खरेदीआधी लागलेला बरा.

प्रश्न : दोनच सर्व्हर आहेत. एक बंद पडला की दुसऱ्यावर व्हीएम सुरूच होत नाहीत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोनपैकी एक म्हणजे बहुमत नव्हे, म्हणून प्रॉक्समॉक्स हातच लावू देत नाही. तिसरे मत देणारे मशीन जोडा : जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय, त्यावर क्यूडिव्हाइसचा, म्हणजे फक्त मत देणारा, सर्व्हर-प्रोग्राम. याच दोघांवरच्या व्हीएममध्ये तो टाकू नका, नाहीतर सर्व्हरसोबत मतही जाते. सेफचा विचार सोडा. झेडएफएस रेप्लिकेशन लावा, म्हणजे एका सर्व्हरवरच्या डिस्कची प्रत ठराविक वेळाने दुसऱ्यावर जाते. ते मुळात दर १५ मिनिटांनी चालते, तेवढे काम जाऊ शकते हे कार्यालयात आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर कायमस्वरूपी परवाने बंद झाले, म्हणून प्रॉक्समॉक्सवर येतोय. विंडोज सर्व्हर आणला तर निळा पडदा दिसतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : विंडोजकडे प्रॉक्समॉक्सच्या व्हर्टआयओ या आभासी हार्डवेअरचा ड्रायव्हर नाही, म्हणून त्याला बूट डिस्क सापडत नाही. हलवण्याआधी जुन्या जागीच तीन कामे करा : स्नॅपशॉट काढून टाका, व्हीएमवेअर टूल्स अनइन्स्टॉल करा (नंतर ते सहजी निघत नाहीत), बिटलॉकर हे डिस्कचे एन्क्रिप्शन थांबवा. आयपी लिहून ठेवा, नवे कार्ड तो विसरलेले असेल. इकडे आणल्यावर मुख्य डिस्क विंडोजच्या ओळखीच्या साटा प्रकारे जोडा आणि सोबत १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर. विंडोज सुरू करून ड्रायव्हर घाला, छोटी डिस्क दिसू लागली की बंद करा. मग मुख्य डिस्क सोडवून स्कझीवर जोडा आणि बूटचा क्रम पुन्हा ठरवा, हा विसरला जातो. जुनी व्हीएम यूईएफआय या नव्या बूट-पद्धतीची असेल तर इथेही ओव्हीएमएफ, म्हणजे प्रॉक्समॉक्समधले यूईएफआयच निवडा.

प्रश्न : सेफमध्ये तीन प्रती असताना वेगळा बॅकअप हवाच का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : हवाच. चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून एकदमच पुसली जाते, रॅन्समवेअरने केलेलेही तसेच. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर, वेगळ्या यूपीएसवर ठेवा आणि क्लस्टरचा रूट पासवर्ड तिथे वापरू नका. क्लस्टरला तिथे ‘डेटास्टोअर बॅकअप’ एवढीच भूमिका द्या. तिने बॅकअप लिहिता-वाचता येतो, छाटता (जुने बॅकअप काढून टाकता) येत नाही. छाटणी बॅकअप सर्व्हरनेच करावी. छाटल्यावर जागा लगेच सुटत नाही. गार्बेज कलेक्शन, म्हणजे डेटाच्या निकामी तुकड्यांची सफाई, चालावे लागते, आणि तेही गेल्या चोवीस तासांत वापरलेल्या तुकड्यांना हात लावत नाही. मोकळी जागा दुसऱ्या दिवशी तपासा.