क्विझमध्ये 100 टक्के, पण कोणाचे?

सिंहगड रोडवरून एका बाबांचं पत्र आलंय. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजने क्रेडिटसाठी एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल) 12 आठवड्यांचा पायथनचा, म्हणजे एका कोडिंगच्या भाषेचा, कोर्स करायला लावलाय. सुरुवातीच्या क्विझमध्ये 50-60 टक्केच पडले म्हणून मग बाबाच टेलिग्रामवरून उत्तरं शोधून भरायला लागले, आता दर आठवड्याला 100. परवा घरी सराव पेपर दिला तर तिला निम्माही जमला नाही. तर तिला कोडिंग झेपत नाही असं समजून आत्तापासूनच एमबीएची तयारी सुरू करावी का, हा प्रश्न.

साहेब, मला काळजी तिच्या पेपरची नाही वाटली, तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्याची वाटली. बुधवारी रात्री ती आतल्या खोलीतून विचारते, "बाबा, या आठवड्याचं भरलं का?" म्हणजे लाइटबिल भरल्यासारखं चाललंय हे! लॉगिन तुमच्या फोनवर, ओटीपी तुम्हाला, रिमाइंडरचा मेलही तुम्हालाच. आणि वर तुम्हीच म्हणताय की तिला झेपत नाही. अहो, तिने तिसऱ्या आठवड्यापासून एक तरी क्विझ सोडवलीय का? शिवाय तिला यातून काय कळलं असेल, की माझे 60 टक्के घरात चालत नाहीत, बाबांचे 100 चालतात. माझ्याकडे येणारी बरीच मुलं वीस-एकविसाव्या वर्षी साधा फॉर्म भरतानाही आईबाबांकडे बघतात, ती अशीच तयार होतात.

आता तुमचा मोठा गैरसमज. क्विझमध्ये एक उत्तर चुकलं की सर्टिफिकेटवर कायमचा डाग, असं तुम्ही धरून चाललाय. तसं काही नाही. 12 आठवड्यांच्या कोर्सला सर्वात चांगल्या 8 असाइनमेंट, म्हणजे या दर आठवड्याच्या क्विझच, धरतात, त्यांचं वजन 25 टक्के, उरलेले 75 टक्के सेंटरवरच्या परीक्षेचे. डेडलाइनपर्यंत उत्तर बदलून पुन्हा सबमिट करता येतं, शेवटचं सबमिशन धरतात. सर्टिफिकेटला असाइनमेंटचे 25 पैकी 10 आणि परीक्षेचे 75 पैकी 30 लागतात, दोन्ही वेगवेगळे. म्हणजे तिचे ते 50-60 टक्के असाइनमेंटसाठी पुरेसे होते की! आणि परीक्षेला हॉल तिकीट घेऊन तीच बसणार, तिथे टेलिग्राम नाही.

तिच्या पहिल्या चुकांमधली एक तुम्ही कळवलीत. पायथनमध्ये एकाच लिस्टला, म्हणजे आकड्यांच्या यादीला, दोन नावं दिली, एका नावाने त्यात आणखी एक आकडा घातला, तर दुसऱ्या नावाने बघितल्यावर काय दिसेल? ती म्हणाली जुनीच लिस्ट. लिस्ट एकच असल्यामुळे वाढलेलीच दिसते, पण इथे भलेभले फसतात, आणि एकदा आपण स्वतः फसलो की मग ते डोक्यातून जात नाही. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. क्विझ असते ती यासाठी.

एमबीए, कॅट, गेट वगैरे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बघू, आत्ता विषयही नको. आज लॉगिनला तिचा नंबर टाका, पासवर्ड तिला बदलू द्या आणि तुम्हाला सांगू नको म्हणावं. मागच्या क्विझ तिने कोऱ्या कागदावर परत सोडवाव्यात, उत्तरं झाकून. 40 टक्के आले तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि करिअरबद्दल काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिचं येऊ दे.