नोबिताची मम्मी जेवायला बोलावते

पाऊस लागला आणि पोरं घरात अडकली की गोव्यात फोंड्याला माझ्या मुलांच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य ऐकू येतं, "मॅडम, कार्टून बघून बिघडलाय हो." डोरेमॉन, छोटा भीम, मोटू पतलू, नावं बदलतात, तक्रार तीच. घरात मराठी, शेजारी कोंकणी, आणि पोरगं बोलतं टीव्हीवरचं हिंदी! म्हणून ही एक केस लिहिते, ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलगा पाच वर्षांचा. आई वेर्ण्याला कंपनीत, संध्याकाळी सातला बसमधून उतरते ती थकूनच. सोबत आज्जी पण आलेली. आई म्हणाली, "नोबितासारखा झालाय. चप्पल घाल म्हटलं, पेन्सिल उचल म्हटलं की रडतो आणि मुझे बचाओ म्हणून ओरडतो. आळशी झालाय नुसता." नोबिता म्हणजे डोरेमॉनमधला आळशी मुलगा, अडचणीत आला की डोरेमॉनला हाका मारणारा. आज्जीचा उपाय तयार होता, टीव्हीची वायरच काढून टाका.

खरं सांगते, मलाही आधी तसंच वाटलं. मुलं बघतात तसं करतात, हे आम्ही शिकलोय. बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मुलांना फिल्म दाखवली होती, त्यातली एक कार्टूनसारखी, मांजराचा वेष घातलेलं मोठं माणूस बाहुलीला बदडतंय अशी, आणि नंतर मुलांनीही ती बाहुली बदडली. पण इतक्या वर्षांत मला कळलंय की मूल सगळंच उचलत नाही, त्याला जे हवं असतं तेच उचलतं. ते काय, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारत कोणीच नाही.

पहिल्या दोन भेटी तो गप्पच. तिसऱ्या वेळी मी कागद आणि स्केचपेनं दिली आणि म्हटलं, डोरेमॉनचं घर काढ. त्याने एक जिना काढला, खाली एक टेबल आणि टेबलापाशी एक बाई.

"ही शिझुका, नोबिताची मैत्रीण?"

"ना टीचर, नोबिताची मम्मी. नोबिताला झिरो मिळाला की ती खूप ओरडते. मग तो वरच्या खोलीत जातो. मग ती खालून जेवायला बोलावते."

"आणि तुझी आई ओरडली की?"

पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मग आई बोलतच नाही. आज्जी वाढते."

आई बाजूलाच बसलेली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, अशा वेळी बघायचं नसतं. बाहेर कौलांवर पाऊस नुसता कोसळत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मॅडम, मी गप्प बसते ते अजून ओरडू नये म्हणून." बघा, तिच्या लेखी तो संयम होता आणि पोराच्या लेखी दार बंद. आम्ही सगळे नोबिताचा आळस शोधत बसलो होतो आणि हा मुलगा तिथून शिकला काय, तर ओरडा खाल्ला तरी आपण त्याच घरातले असतो आणि जेवायला हाक येते. मग हिशेब जुळला. मी विचारलं, हे बचाओ नेमकं कधी? आईने आठवून सांगितलं, ओरडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त. तो मदत मागत नव्हता हो, आई येते का ते बघत होता.

त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर जरा खूष होते, कबूल करते.

आता तुम्ही विचाराल, मग कार्टून लावून देऊ का? नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, पाच वर्षांच्यालाही मी तेवढंच धरायला सांगते, आणि भरवताना तर अजिबात नको. शीत-कडीचा, म्हणजे भात-आमटीचा, घास तोंडात आणि डोळे मोबाईलवर, हे आपल्याकडे घरोघरी चाललंय. पण त्या तासातली दहा मिनिटं शेजारी बसा. "काय शिकलास?" असं विचारू नका, ती परीक्षा झाली. "आज तिथे कोण रडलं? मग काय झालं?" एवढंच विचारा. एक मुलगी मला म्हणाली होती, डोरेमॉनकडे एवढी गॅजेट आहेत तरी तो उंदराला घाबरतो. ती स्वतः अंधाराला घाबरायची आणि घरी कोणाला सांगत नव्हती.

या आईला मी एकच काम दिलं. ओरडलात तर ओरडलात, आपण माणसं आहोत, पण नंतर जेवायला हाक तुम्हीच मारायची, आज्जीने नाही. "मी रागावले होते, आता ये, ताट वाढलंय." माफी नको, भाषण नको. आज्जीला हे पटायला महिना गेला, तिला वाटायचं पोर शेफारेल.

गणेश चतुर्थीनंतर आईचा फोन आला. बचाओ थांबलंय म्हणाली, पण आता शिनचॅन सुरू झालंय. मी हसून म्हटलं, मग विचारलंत का त्याला काय आवडतं त्यात?

"विचारलं ना. म्हणतो, त्याचा कुत्रा. आणि आता कुत्रा पाहिजे म्हणून बसलाय, मॅडम."